‘शाबरी विद्या’तला शबर कोण?

एका ताईंचा प्रश्न आहे. घरी नवनाथांचं पारायण चालू असताना ‘शाबरी विद्या’ हा शब्द आला. सासूबाई म्हणाल्या, ही रामायणातल्या शबरीची विद्या. पण आजेसासऱ्यांच्या जुन्या वहीत विंचवाच्या उताऱ्यावर ‘सावर मंत्र’ असं लिहिलेलं सापडलं. मग खरा शब्द कुठला, तो आला कुठून, आणि वहीतल्या ओळींचा काही केल्या अर्थ का लागत नाही?

मी मांत्रिक नाही, हे आधीच सांगतो. जुनी बाडं, पोथ्या, घरगुती वह्या वाचणं आणि त्यांतले शब्द सोडवणं हे माझं तीसेक वर्षांचं काम. अशा वह्या माझ्या हाताखालून बऱ्याच गेल्या. अर्ध्या पानावर उसनवारीचा हिशेब, अर्ध्यावर डोळे आल्याचा मंत्र, मधेच एखादी आरती. त्यामुळे हा शब्द माझ्या ओळखीचा आहे, आणि त्याबद्दलचे गैरसमजही.

माझं उत्तर एका वाक्यात असं: ‘शाबर’ हे मंत्राच्या ताकदीचं नाव नाही, मंत्राच्या भाषेचं नाव आहे. शबर म्हणजे रानात राहणारी, संस्कृत न बोलणारी माणसं. त्यांची बोली ती शाबरी. त्या बोलीतला, आणि पुढे तिच्यासारख्या कुठल्याही अनघड देशी बोलीतला मंत्र, तो शाबर मंत्र. आता हे कशावरून, ते बघू.

व्याकरण सोपं आहे. शिवाचा तो शैव, विष्णूचा तो वैष्णव, तसा शबराचा तो शाबर. विद्या स्त्रीलिंगी, म्हणून शाबरी विद्या. मराठीत ‘सरकारी’, ‘गावठी’सारखी ईकारान्त विशेषणं कुठल्याही लिंगाला चालतात, म्हणून आपण ‘शाबरी मंत्र’ही बिनदिक्कत म्हणतो. वहीतला ‘सावर’ चुकीचा नाही. श चा स होणं आणि ब-व ची अदलाबदल या आपल्याकडच्या रोजच्या गोष्टी आहेत. संस्कृतात ज्यांना शबर म्हटलं, त्यांनाच ओडिशा-आंध्राकडे सवर, सउरा म्हणतात. तेव्हा साबर, सावर, शाबर, साबरी ही सगळी एकाच घरची भावंडं.

सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. शबरी हे मुळात विशेषनाम नव्हेच, शबर जमातीची बाई ती शबरी. एखादीला ‘कोळीण’ म्हणावं तसं. म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ एक. पण पंपेकाठी मतंगाच्या आश्रमात रामाची वाट पाहणारी ती वृद्ध तापसी कोणाला मंत्र देत नाही, विंचू उतरवत नाही. तिची ती विद्या नव्हे.

शबर हा शब्द मात्र फार जुना. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची गोष्ट आहे. विश्वामित्राने त्याला थोरला मुलगा मानायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या पन्नास मुलांनी नकार दिला. बापाने शाप दिला, आणि त्यांची प्रजा सीमेपलीकडची झाली: अंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद, मूतिब. वेद रचणाऱ्याचीच मुलं, पण वेदाबाहेर गेलेली. पुढे हजार-बाराशे वर्षांनी बाणभट्टाच्या कादंबरीत विंध्याच्या रानात शबरांची आख्खी टोळी शिकारीला निघते. पुरीच्या जगन्नाथाच्या कथेत तर नीलमाधव या मूळ देवाचा पहिला पुजारीच विश्वावसू नावाचा शबर. रानटी म्हणून हिणवायचं आणि देवाच्या सर्वांत जवळचाही त्यालाच मानायचं, हा दुहेरी भाव या शब्दाला पहिल्यापासून चिकटलेला आहे. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे लोक पुराणात संपलेले नाहीत. दक्षिण ओडिशात आणि उत्तर आंध्रात सोरा लोक आजही आहेत. त्यांची भाषा मुंडा कुळातली, संस्कृताशी किंवा तेलुगूशी नातं नसलेली. तिच्यासाठी १९३६ साली मंगेई गमांग यांनी ‘सोरा सोम्पेंग’ नावाची स्वतंत्र लिपीही तयार केली. गंमत अशी की सोरांचा स्वतःचा जुना विधी आपल्या ‘शाबर मंत्रा’सारखा नाहीच. तिथे अंगात येणाऱ्या बहुधा बायका. त्यांच्या तोंडून घरातला मेलेला माणूस बोलतो, आणि घरचे त्याच्याशी तासन्‌तास बोलतात, भांडतात, रडतात, समजूत काढतात. यमक जुळवून तीनदा फुंकर मारायची, असला प्रकार त्यात नाही. म्हणजे शबरांकडून मंत्रांची वही उचलली आणि तिला ‘शाबर’ नाव दिलं, असं काही झालेलं नाही. नाव बाहेरच्यांनी ठेवलं, आणि ठेवताना त्यांच्या डोळ्यांसमोर शबरांचे विधी नव्हते. कानात त्यांची बोली होती.

बोलीचा पुरावा नाट्यशास्त्रात मिळतो. नाटकातल्या कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी, याची भरताने यादीच दिली आहे. राजा संस्कृत बोलणार, बायका शौरसेनी. शेवटी ‘विभाषा’ येतात, म्हणजे हलक्या मानलेल्या बोली, आणि त्या बोलणारे कोण? शबर, आभीर, चांडाल, द्रमिल (तमिळकडचे), ओड्र (ओडिशाकडचे) आणि रानात हिंडणारे. पुढच्या प्राकृत वैयाकरणांनीही ‘शाबरी’ हे एका बोलीचं नाव म्हणूनच नोंदवलं. तेव्हा ‘शाबरी’ हे स्त्रीलिंगी रूप विद्येच्या आधी भाषेला लागलेलं आहे, आणि माझ्या मते सगळ्या उलगड्याची किल्ली हीच. भाषेचं नाव मंत्राला गेलं, आणि मंत्रावरून विद्येला.

कालिकापुराणात आणखी एक मजेशीर जागा आहे. हे पुराण कामरूपातलं, म्हणजे आसामकडचं. दुर्गापूजेच्या शेवटी विसर्जनाच्या दिवशी ‘शाबरोत्सव’ करावा असं त्यात सांगितलं आहे: चिखलफेक, नाचगाणं आणि चक्क अश्लील बोलणं. जो कोणी दुसऱ्याला तसलं बोलणार नाही, त्याच्यावर देवी रागावते म्हणे! आपल्या शिमग्याची आठवण यावी. इथेही शाबर म्हणजे काय? असंस्कृत वाणी, जी एरवी वर्ज्य, पण देवीला चालते. नुसती चालत नाही, हवी असते.

आता मंत्राला ‘साबर’ म्हटल्याचा सगळ्यात पक्का दाखला. तुलसीदासांनी रामचरितमानस लिहायला घेतलं संवत १६३१ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७४. बालकांडाच्या सुरुवातीलाच, शिवपार्वतीला वंदन करताना ते म्हणतात:

कलि बिलोकि जग हित हर गिरिजा। साबर मंत्र जाल जिन्ह सिरिजा॥
अनमिल आखर अरथ न जापू। प्रगट प्रभाउ महेस प्रतापू॥

कलियुग आलेलं पाहून जगाच्या हितासाठी शंकर-पार्वतीने साबर मंत्रांचा पसारा निर्माण केला. अक्षरांचा एकमेकांशी मेळ नाही, अर्थ नाही, रीतसर जप नाही, तरी महेशाच्या प्रतापाने परिणाम उघड दिसतो. ‘अनमिल आखर’ हे दोन शब्द बघा. साडेचारशे वर्षांपूर्वीही साबर मंत्राची ओळख हीच होती: ज्यातली अक्षरं जुळत नाहीत तो. ताईंना वहीतला अर्थ लागत नाही, तर त्या एकट्या नाहीत. तुलसीदासांनाही लागला नव्हता, आणि त्यांनी तो दोष मानला नाही. स्वतःही देशी भाषेत रामकथा सांगायला बसलेल्या माणसाने सुरुवातीलाच देशी मंत्रांची आठवण काढावी, यात मला थोडी वकिलीही दिसते. संस्कृत नसलं तरी देव ऐकतो, असं काशीच्या पंडितांना बजावून घेतल्यासारखी.

शंकराचा संबंध महाभारतातून येतो. अर्जुनाची परीक्षा घ्यायला शंकर किराताच्या वेषात उतरतो आणि शेवटी पाशुपतास्त्र देतो. लोकपरंपरेने किरात, शबर, भिल्ल यांत फारसा भेद केला नाही. शंकराने भिल्लाचं रूप घेतलं, पार्वती भिल्लीण झाली, आणि त्या रूपात जे बोलले ते शाबर मंत्र, अशी कथा मांत्रिकांच्या तोंडी असते. आपल्याकडे भिल्लिणीच्या रूपात शंकराला भुलवणारी पार्वती ठाऊक आहेच.

इथे एक अडचण सांगायला हवी, कारण ती बहुतेक जण टाळतात. संस्कृतात अगदी जवळ उच्चाराचा दुसरा शब्द आहे: शांबरी. ऋग्वेदात दिवोदासाचा शत्रू म्हणून शंबर येतो. पुढे पुराणांत तो शंभर माया जाणणारा असुर होतो, आणि प्रद्युम्न त्याला त्याच मायेने मारतो. अमरकोशात ‘स्यान्माया शाम्बरी’ अशी सरळ नोंद आहे. शांबरी म्हणजे माया, जादू. मग आपली ‘शाबरी विद्या’ ही अनुस्वार गळलेली ‘शांबरी विद्या’ तर नव्हे?

एका अनुस्वाराचा प्रश्न आहे, आणि जुन्या हस्तलिखितांत अनुस्वार गळणं म्हणजे पावसात छपराचं पाणी गळण्याइतकं ठरलेलं. तरीही मी शबराच्या बाजूने आहे. तुलसीदासांचा ‘साबर’ अनुस्वाराशिवाय आहे, आणि त्यांनी त्याची खूण सांगितली ती मायेची नाही, बेढब अक्षरांची. शांबरी म्हणजे दृष्टिभ्रम, नसलेलं दाखवणं. शाबर मंत्र काही दाखवत नाही, तो विष उतरवतो, म्हशीला पान्हा सोडायला लावतो. कामंच वेगळी. मात्र ‘विद्या’ या शब्दाशी जोडी जमली तेव्हा शांबरीची सावली तिच्यावर पडली असावी, असं मला वाटतं. कारण मराठी ‘शाबरी विद्या’ म्हटलं की नुसता विंचवाचा मंत्र डोळ्यांसमोर येत नाही, आभाळातून अस्त्रं येतात.

ती अस्त्रं नवनाथ भक्तिसारातली. धुंडीसुत मालूंचा हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण झाला. पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झालं होतं. दुसऱ्या अध्यायात मच्छिंद्रनाथ वणीच्या सप्तशृंगीला येतात, आणि त्यांच्या मनात येतं की शाबरी विद्येचं कवित्व करावं. ‘कवित्व’ हा शब्द सुटू देऊ नका. विद्या सापडत नाही, उतरत नाही, ती रचायची आहे, लोकांच्या उपयोगासाठी. मग देवीच्या सांगण्यावरून मार्तंड पर्वत, तिथला नागवृक्ष, एकेका दैवताचा वर मिळवणं, असा खटाटोप. आणि विद्या एकदा हाती आली की पुढचे अध्याय म्हणजे नुसती धुमश्चक्री. चिमूटभर भस्म, त्यावर मंत्र, आणि वाताकर्षण, स्पर्शास्त्र, समोर मारुती असो की वेताळ. लहानपणी आम्ही पारायण ऐकायचो ते या लढायांसाठीच.

याच्या शेजारी ज्ञानेश्वरी ठेवा. अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेव आपली परंपरा सांगतात. तिथेही सप्तशृंगच आहे: ‘तो मत्स्येंद्र सप्तशृंगीं । भग्नावयवा चौरंगी । भेटला कीं तो सर्वांगीं । संपूर्ण जाला’. हातपाय तुटलेला चौरंगी, मत्स्येंद्र भेटताच पूर्ण झाला. तिथून गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. पण त्या सगळ्या ओव्यांत शाबरी विद्येचं नाव नाही. स्थळ तेच, माणूस तोच, चमत्कारही आहे, फक्त ही विद्या नाही. शके १२१२ ची ज्ञानेश्वरी आणि शके १७४१ चा भक्तिसार यांच्यामध्ये सव्वापाचशे वर्षं गेली. त्या काळात नाथ, गोसावी, जोगी गावोगाव हिंडले, देशी बोलीतले मंत्र सांगत गेले, आणि त्या फुटकळ मंत्रांना शेवटी एक मूळपुरुष हवा झाला. तो मालूंनी दिला. श्रद्धेने पारायण करणाऱ्यांनी यावर रागावू नये. मी ग्रंथ खोटा म्हणत नाही, शब्दाचा प्रवास सांगतो आहे.

आता मूळ कोड्याकडे. असंस्कृत, परक्या बोलीत ताकद आहे असं माणसाला वाटतं तरी का?

ही फक्त आपली खोड नाही. बौद्धांच्या महामायूरी या सर्पविषावरच्या संस्कृत ग्रंथात ‘इलि मिलि’ अशी अक्षरं येतात, आणि ही ‘द्रमिड मंत्रपदं’ सिद्ध होवोत असं म्हटलेलं आहे. उत्तरेकडच्या भिक्षूंना न कळणारी तमिळसदृश अक्षरं म्हणजे मंत्र! नाट्यशास्त्राच्या त्या यादीत शबराबरोबर द्रमिल होता, आठवतं ना? दोघेही मंत्रांच्या गावाला पोचले. त्याहून मागे जा. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात साप उतरवायचं सूक्त आहे, त्यात तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला, ताबुव असे शब्द येतात, जे वेदात परके वाटतात. लोकमान्य टिळकांनी यावर लेख लिहिला. तो १९१७ साली भांडारकरांच्या गौरवग्रंथात आला. हे शब्द खाल्डियन लोकांकडून, म्हणजे आजच्या इराकच्या बाजूने आले असावेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती आज कोणी धरून बसणार नाही, पण निरीक्षण अचूक होतं: विषाच्या मंत्रात शब्द लांबचा लागतो.

आणि हे प्राचीन म्हणून सोडून देऊ नका. मुंबईच्या लोकलच्या डब्यात चिकटवलेली ‘बंगाली बाबा’ची कागदं पाहिलीत ना? बाबा बंगालचा असेलच असं नाही, पण बंगाली असावा लागतो. बंगालमध्ये जाल तर ती जादू कामरूपची. वह्यांमधल्या मंत्रांतही ‘कामरू देस कामाख्या देवी’ ठरलेली, तिच्या शेजारी इस्माइल जोगी आणि लोना चमारीण. कोकणात घरचा भटजी असताना रात्री हळूच कातकऱ्याला बोलावतात. ज्याला दिवसा ओटीवर घेत नाहीत, त्याच्या तोंडात रात्री सामर्थ्य असतं. मघाशी म्हटलेला शबराचा दुहेरी भाव तो हाच. मला या शब्दातली ही गोष्ट सगळ्यात बोचते. शबराला भाषा दिली विभाषेची, जात दिली शापाची, आणि मंत्र मात्र त्याच्या नावाचा.

जाता जाता एक घोटाळा निस्तरतो. पूर्वमीमांसेवर, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रावर, ‘शाबरभाष्य’ नावाचा मोठा ग्रंथ आहे. शबरस्वामी हे भाष्यकाराचं नाव, विंचवाशी संबंध शून्य. एका जुन्या ग्रंथालयात मला या भाष्याची पोथी ‘मंत्र-तंत्र-जादू’ या कपाटात, वशीकरणाच्या दोन वह्यांच्या मधे सापडली होती. यादी करणाऱ्याने नाव वाचलं आणि ढकलून दिली. पण यात एक खरीखुरी गंमत आहे. ‘मंत्रांना अर्थच नसतो’ हा वाद फार जुना. वेदातले शब्द सोडवणाऱ्या यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाचा माणूस तो मांडतो. मीमांसेतही तो येतो, ऋग्वेदातल्या ‘जर्भरी तुर्फरीतू’सारख्या शब्दांवर बोट ठेवून. आणि नाही, मंत्रांना अर्थ असतोच, अशी बाजू हिरिरीने लढवणारा कोण? शबरस्वामी! नाव शबर, आणि भांडण ‘अनमिल आखरां’च्या विरुद्ध.

‘मंत्र’ शब्दाचं थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळदा सांगून झालं आहे. मन् म्हणजे विचार करणं, त्याला साधन दाखवणारा ‘त्र’ लागला. जसं नेत्र, शस्त्र. मननाने तारतो तो मंत्र, ही फोड कीर्तनात शोभते, व्याकरणात नाही. मराठीत तो ‘मंतर’ झाला, आणि आपण त्याचं क्रियापदही करून टाकलं: मंतरणे. मंतरलेलं पाणी, मंतरलेले दिवस. ‘जादू’ फारसीतून आली, पण वेदातल्या ‘यातु’ची ती लांबची बहीण. आणि ‘गारुडी’ हा मूळचा गरुडमंत्र जाणणारा, सापाचं विष उतरवणारा वैद्य. आज बिचारा पुंगीवर आला.

आता ती वही. ताईंनी मंत्राच्या शेवटच्या ओळी उतरवून दिल्यात, त्या जवळपास सगळ्या शाबर मंत्रांना समान असतात: ‘शब्द साचा, पिंड काचा, फुरो मंत्र ईश्वरो वाचा’. सुरुवातीला ‘आदेश गुरूको’, मधे कुणाची तरी ‘आण’ किंवा ‘दुहाई’.

ताईंनी ‘साचा’ म्हणजे ओतायचा साचा असं धरलं आणि अडकल्या. इथे साच म्हणजे खरं. ज्ञानेश्वरीतलं ‘साच आणि मवाळ । मितले आणि रसाळ’ आठवा, त्यातलाच साच. पिंड म्हणजे देह, काचा म्हणजे कच्चा, न भाजलेल्या मडक्यासारखा. शब्द खरा आहे, देह कच्चा आहे. ‘फुरो’ म्हणजे स्फुरो. बाहू फुरफुरतात म्हणतो, तेच मूळ. मंत्र स्फुरो, ही ईश्वराची वाणी आहे. म्हणजे ओळ अर्थहीन मुळीच नाही, उलट चांगलीच नेमकी आहे. फक्त ती धड मराठी नाही, धड हिंदी नाही. गोसाव्यांची, फौजेतल्यांची, बाजारातली ती मिसळ बोली. ती मराठी माणसाने ऐकली, कानाला वाटली तशी मोडीत लिहिली, मुलाने ती बाळबोधीत उतरवली, नातवाने पेनने परत लिहिली. दर पिढीला एखादं अक्षर घसरतं. आणि मंत्र बदलायचा नाही असा दंडक असल्यामुळे घसरलेलं अक्षर कोणी दुरुस्त करत नाही. तुलसीदासांचे ‘अनमिल आखर’ बऱ्याच वेळा असेच तयार होतात.

याहून मला त्या तीन शब्दांत जास्त रस आहे: आदेश, आण, दुहाई. ‘आदेश’ हा नाथपंथी नमस्कार, पण शब्दाचा अर्थ हुकूम. ‘आण’ आपण शपथ म्हणून वापरतो, ‘तुला आईची आण’. तो संस्कृत ‘आज्ञा’चा प्राकृतातून आलेला अवतार, म्हणजे पुन्हा हुकूमच. ‘दुहाई’ ही आपली ‘द्वाही’. नव्या राजाची द्वाही फिरते, त्याचा अंमल सुरू झाल्याचं पुकारलं जातं. तीनही शब्द दरबारातले. वैदिक मंत्र देवाची स्तुती करतो, मागणं मागतो. शाबर मंत्र विंचवाच्या विषाला सरकारी नोटीस बजावतो: अमक्याचा हुकूम आहे, अमक्याचा अंमल आहे, मुकाट्याने उतर. मांत्रिक स्वतः कोणी नसतो, तो हुकूम घेऊन आलेला शिपाई असतो. ‘मेरी भक्ती, गुरूकी शक्ती’ ही ओळ तेच सांगते. ज्या माणसाला आयुष्यभर हुकूम ऐकावे लागले, त्याने रचलेला हा मंत्र आहे, असं मला दर वेळी वाटतं. त्याला देवाशी बोलायची भाषाही कचेरीत ऐकलेलीच आली.

वही जपा, पण विंचू चावला तर ती उघडू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातली कितीतरी माणसं वाचवली, आणि सापाच्या विषावर प्रतिसर्पविषाखेरीज इलाज नाही. मंत्राने ‘उतरलेले’ साप बहुतेक बिनविषारी असतात. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद. देवळाबाहेर प्लास्टिकच्या वेष्टनात मिळणाऱ्या ‘सिद्ध शाबरी’ पुस्तकांवरही पैसे घालवू नका. त्यांची भाषा वाचली की कळतं, माल कालपरवाचा आहे.

वहीचे मात्र पानापानाचे फोटो काढा, हिशेबाची पानंसुद्धा. मंत्र कधी उतरवला, ते त्या हिशेबातल्या ज्वारीच्या भावावरून कळू शकतं. मूळ वही मोडीत असेल तर तीही शोधा. माळ्यावरच्या पेटीत, ताम्हणा-पळीच्या खाली, अशा ठिकाणी सापडते. आणि दोन्ही हाती आल्या की ‘फुरो’ची जागा जुळवून बघा. मी पाहिलेल्या वह्यांत तिथे कुठे ‘पुरो’ आहे, कुठे ‘चलो’, आणि एकीत चक्क ‘पुरी’. तुमच्याकडे काय निघतं ते कळवा.